बाळाच्या मनगटातला काळा दोरा

माझी भाची सकाळपासून रडत होती. ताईला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं हे बाळ, बाळंतपणाला ती देवगडला आमच्याकडे आलेली, त्यामुळे पोरगी नुसती शिंकली तरी घरात धावाधाव. मी शहरातून सुट्टीवर आले होते आणि पडवीत निवांत चहा पीत बसले होते. तान्ही बाळं रडतातच, त्यात काय एवढं, असं माझं मत.

आईचं मत वेगळं. "दिष्ट लागली हा चेडवाक," म्हणत तिने पोरीची दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तरी रडणं थांबेना. पोरगी मूठ तोंडात कोंबायची, मनगट चोखायची आणि किंचाळायची. मी तिला उचलायला गेले तेव्हा मनगटातला काळा दोरा दिसला. साध्या दोऱ्याला अशी चमक नसते.

तो माझ्या कामाचा धागा होता. सूर्यात ऊर्जा तयार होते तशी पृथ्वीवर भट्टीत तयार करायचे प्रयत्न चालू आहेत. त्या भट्टीच्या आतल्या भिंतीसाठी आम्ही प्रयोगशाळेत एक सिरॅमिक बनवतो. सिरॅमिक उष्णता सोसतं, पण कपबशीसारखं फुटतं. म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइडचे धागे विणून घालायचे, म्हणजे तडा गेला तरी धाग्यांपाशी अडतो. इथल्या हायस्कुलात मुलांना दाखवायला थोडा धागा पाकिटात बंद करून मी आणला होता आणि कपाटावर ठेवला होता. दिसायला अगदी रेशीम. पण एकेक धागा म्हणजे केसाहून बारीक शेकडो तंतू, खळ लावून एकत्र ठेवलेले. ओल लागली की खळ सुटते, गाठ मारली की तंतू तुटतात, आणि तुटलेलं टोक कुसळासारखं कातडीत शिरतं.

"ह्यो दोरो कोणी बांधलो?"

"मियां," आई म्हणाली. "तूच सांगलंस मां, सूर्याच्या आगीतसुद्दा तो जळणा नाय म्हणान. तेका कोणाची दिष्ट काय करतली?"

एरवी मी यावर पोट धरून हसले असते. तेव्हा डोकंच फिरलं. न विचारता पाकिटाला हात लावायची तुला गरजच काय होती, म्हणून मी तिच्यावर वाट्टेल तशी ओरडले. ताईने बाळाला घट्ट धरलं आणि मी कात्रीने दोरा कापला. खाली कातडी लालबुंद झाली होती. लाळेत काळे बारीक तुकडे होते, एक खालच्या ओठातच रुतला होता. आत किती गेले, ते कळायला मार्ग नव्हता. फुफ्फुसात खोल जाण्याइतके हे तंतू बारीक नसतात, हे मी वाचलं होतं. पण ते मोठ्या माणसांबद्दल. तीन महिन्यांच्या घशाबद्दल मी कुठेच काही वाचलं नव्हतं.

शेजारच्या काकांच्या रिक्षेत आम्ही तिघी बाळाला घेऊन बसलो. बाजारातल्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तो केवढा, पण संपता संपेना. पोरगी मध्येच रडायची थांबली, तर मला अजूनच भीती वाटली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले.

डॉक्टरांनी ओल्या कापडाने तोंड आतून पुसलं, बॅटरी मारून घसा पाहिला. "विषारी आहे का हे?"

"नाही. टोचतं नुसतं."

"गिळलं तर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कुणी गिळलेलं नाही."

इतकी वर्षं त्या धाग्याबरोबर काढून मला एवढंच सांगता आलं. त्यांनी ओठातला तंतू चिमट्याने काढला, छाती तपासली आणि ताईला म्हणाले, "पाजून बघा. नीट गिळलं तर बरंच झालं. नाहीतर कोल्हापूरला न्यावं लागेल."

पोरीने तोंड फिरवलं. ताईने पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा तेच. घाट चढेपर्यंत हिचं काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभी राहिले, वाचत कसली, अक्षरंही दिसत नव्हती. मग मागून घोट गिळल्याचा आवाज आला. आणखी एक आला. ताई हुंदके देऊन रडायला लागली आणि मी खुर्चीत बसले.

संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ती दूध पीत राहिली, झोपली, उठून पुन्हा प्यायली. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी ओरडले त्याचा राग असणार, असं मला वाटलं. दिवेलागणीला ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"तू रोज ह्याच्यात हात घालतंस?"

"हातमोजे आसतत गो आये. तोंडाक मास्क आसता."

"आणि एखाद दिवशी तुझ्या तोंडात गेला, तर तुका रिक्षेत घालून कोण नेतला?"

"थंय सगळी सोय आसा."

"सोय नको सांगू. एका माणसाचा नाव सांग."

मी आठवू लागले. ती माझे हात धरून थांबली होती.