मशीन आसमान में गई हाय

शोध लागत नसला की किस्से जमतात. आकाशातून आजवर एक अक्षर आलं नाही. किस्से मात्र पोत्यानं आले!

काम तसं सोपं. रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या खरखरीचे तुकडे इंटरनेटवरून लोकांच्या घरी पाठवायचे. कॉम्प्युटर रिकामा बसला की तो त्यात परग्रहावरचा संकेत शोधतो आणि निकाल परत पाठवतो. नांदेड-लातूरचं केंद्र आणि त्यासाठी माणसं जमवणं माझ्याकडे. फुकट, अर्थात! प्रकल्पाच्या वरच्या साहेबांनी बजावलं होतं, "मशिनी कमी झाल्या तर तुमचं केंद्र बंद." आणि मला आयुष्यात या केंद्राशिवाय दुसरं काही धड जमलेलं नाही.

*

अहमदपूरच्या बसस्टँडजवळ सलीमभाईंचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. माझा पहिला मेंबर. एकदा एक शेतकरी फॉर्म भरायला आला, तर हे म्हणाले, "ठैरो, मशीन आसमान में गई हाय."

तो बाकड्यावर टेकत म्हणाला, "बरं. वापस कवा येती?"

*

लातूरच्या एका क्लासमध्ये सरांच्या पुतण्यानं अख्ख्या लॅबमध्ये आमचं सॉफ्टवेअर टाकलं. सरांना कळलं, मला बोलावणं आलं. तारे, आकाशगंगा, घसा बसेपर्यंत सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"परीक्षेत याला किती मार्क हायत?"

"मार्क नाहीत, सर."

"मग पोरायला कशाला नादी लावून राहिले?"

दुपारपर्यंत लॅब साफ! परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. खरंच रडू येत होतं.

*

खंडेनवमीला सगळ्या मेंबरांनी मशिनी बंद केल्या, पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. हत्याराला त्या दिवशी काम सांगत नाहीत. वरून घाबरून मेल आला, "तिकडे भूकंप झाला का?"

लातूरकडे हा शब्द चेष्टेत चालत नाही. मी लिहिलं, "पूजा आहे."

दुसऱ्या दिवशी एक मशीन उठलीच नाही. पंख्यात अक्षता गेल्या होत्या. मालक मलाच समजावू लागला, "जाऊ द्या सर, पुण्याचं मरण आलं तिला."

*

एकदा मात्र संकेत सापडला! चांगला ठसठशीत. सलीमभाईंनी दुकानात पेढे वाटले. संध्याकाळी खुलासा आला : पृथ्वीभोवती फिरणारा आपलाच उपग्रह.

"मतलब पडोसीच निकला!" सलीमभाई म्हणाले. पुढं त्यांनी दुकानच गुंडाळलं. लोक आता मोबाईलवर फॉर्म भरतात.

*

शेवटी केंद्र बंद झालं. सगळ्यांना मेसेज टाकला : संकेत मिळाला नाही, मशिनी बंद करा, आभार.

तरी नायगावची एक मशीन चालूच दिसायची. गंगाधरकाकांची. काकांचं कापडाचं दुकान. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. मुलगा भांडून बंगळुरूला गेला तो गेलाच, साधा फोन नाही, हे अख्ख्या नायगावला माहीत.

मीच फोन लावला. "काका, बंद करा आता. तिकडून कुणी बोलत नाही."

"हाव, माहीत हाय," काका म्हणाले. "आमचं पोरगं तरी कुठं बोलून राहिलंय? म्हणून म्या मोबाईल बंद करून ठिवलाय का?"