हापशावरची शिक्षा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या गावाला त्याचे दोनच फायदे समजले होते. कचेरीतलं काम अडवून घ्यायला आता थेट उस्मानाबादला जावं लागत नव्हतं, आणि नव्या जिल्ह्याला नवे पोलीस लागणार होते. गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. पावसानं पाठ फिरवलेली, आई-बाप रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. भरतीच्या वयाची माझी मर्यादा संपत आली होती. ही भरती हुकली की मी कायमचा बाद. घरात सगळ्यांनी माझी खाकी पँट मनातल्या मनात शिवून, इस्त्री करून ठेवली होती.

तयारीसाठी मी आणि माझा चुलतभाऊ वस्तादांकडे जायचो. वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे गुरुजी आणि न्यायाधीश. तरुणपणी त्यांनी नांदेडकडच्या जत्रा गाजवल्या होत्या. भरतीत कुस्ती नव्हती. छातीचं माप, धावणं, गोळाफेक आणि दहा पुलअप एवढंच होतं. पण वस्तादांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. पन्नास जोर झाले की लगेच दुसरे पन्नास, ते झाले की तिसरे, मधे बूड टेकायचं नाही, हे त्यांचं शास्त्र.

"बसलं की अंगातली ताकद मातीत उतरती," ते म्हणायचे.

जो मधे बसेल त्याला शिक्षा ठरलेली होती. हापशावरून दोन घागरी आणायच्या आणि आखाड्याच्या मातीवर शिंपडायच्या. बऱ्या वर्षी हे पाच मिनिटांचं काम. पण त्या वर्षी हापसा दहा दांडे मारल्यावर एक गुळणी टाकायचा, आणि बायकांची रांग देवळापर्यंत गेलेली असायची.

चुलतभाऊ पहिल्या दिवसापासून आळशी. पहिले पन्नास मारले की सरळ मांडी घालून बसायचा आणि मग निवांत घागरी उचलून निघायचा. हापशावर बायका त्याची धुलाई करायच्या. "माणसाला प्यायला न्हाई, अन तुमी मातीला पाजून राहिलेत?" असं म्हणून त्याला रांगेच्या शेवटी ढकलायच्या. तो भिंतीला टेकून डोळे मिटायचा. परत यायला कधी अर्धा तास, कधी तास. आल्यावर पाणी शिंपडून झालं की वस्ताद उरलेले जोर त्याच्या एकट्याकडून काढून घ्यायचे, आणि हा पठ्ठ्या छाती मातीला घासून प्रत्येक जोर स्वच्छ मारायचा. आम्ही शिस्तीची पोरं तिसऱ्या पन्नाशीला फक्त मान खालीवर करायचो. आकडे मात्र मोठ्यानं म्हणायचो.

वस्तादांनी यावर विचार केला आणि निष्कर्ष काढला, "घागरी वाहून खांदे तयार झाले त्याचे."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शिक्षा म्हणून त्याला रोज आराम मिळतोय, हे तालमीतल्या एकाही डोक्यात आलं नाही. मी तर त्याची चहाडीही केली, तो हापशावर झोपतो म्हणून. त्यावर वस्तादांनी त्याची एक घागर वाढवली.

तो मात्र मनात न ठेवता मला म्हणाला, "तू बी बसून बघ की एकदा. हात हलके होत्यात."

"मी तुझ्यासारखा आळशी न्हाई," मी म्हणालो. या वाक्याचा मला लई अभिमान वाटला होता.

भरतीला सकाळी सहाला बोलावलं होतं. साहेब नऊला आले. मग मांडव, मग टेबल, मग टेबलावरची चादर, मग चहा. दोन उमेदवारांच्या मधे एक चहा, असं काम चाललं होतं. जोरात काम करायचं तर मधे विसावा हवा, हे नव्या जिल्ह्यात फक्त साहेब लोकांना कळलं होतं, आणि त्यातला पहिला भाग ते विसरले होते.

"अंग गार पडू देऊ नको," असं वस्तादांनी बजावलं होतं. म्हणून मी कंपाउंडच्या मागं सकाळभर जोर-बैठका काढत राहिलो. चुलतभाऊ उशाला चपला घेऊन लिंबाखाली घोरत होता. दुपारी नंबर आले. त्यानं दहा पुलअप मारले आणि अजून मारू का, असं साहेबांना विचारलं. माझे सहा झाले. सातव्याला हनुवटी दांड्याच्या खालीच थरथरत राहिली, आणि बोटं आपोआप सुटली.

संध्याकाळी एसटीतून फाट्यावर उतरलो तर वस्ताद उभे. दुपारपासून उन्हात उभे होते. चुलतभावाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली आणि माझ्याकडं बघितलं. एसटीत सगळा वेळ मी त्यांना ऐकवायची वाक्यं जुळवत आलो होतो. तुमच्या शास्त्रानं माझी नोकरी खाल्ली, इथून सुरुवात करायची होती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला राग आला त्याहून जास्त त्यांची माया आली.

"छाती अर्धा इंच कमी भरली, वस्ताद," मी म्हणालो.

चुलतभाऊ माझ्याकडं बघत राहिला. वस्तादांनी माझ्या छातीवर पंजा ठेवून बघितला. मग म्हणाले, "मग जोरच कमी पडले. चूक माझी हाय."

त्यांनी चूक लगेच सुधारली. पुढच्या भरतीच्या पोरांना तीनच्या जागी पाच पन्नाशा, आणि हापशाची शिक्षाही बंद, कारण तेवढ्यात जोर बुडतात. मी बाद झालेला, म्हणून मोजायला मला उभं केलं. तिसऱ्या पन्नाशीला एकाचे कोपर लटपटायला लागले. त्यानं मातीतूनच मान वळवून विचारलं, "दादा, जरा बसू का?"

वस्ताद शेजारीच उभे होते.

"न्हाई," मी म्हणालो. "मार."