नगरसेवकाची राखण

शकु गमरे यांनी अठ्ठावीस वर्षं प्रसूतिगृहात आयाचं काम केलं आणि त्या काळात एकाही मुलाची अदलाबदल झाली नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. त्यांचे यजमान भाऊराव सांगतात, तेही चहा देता देता, कारण ते निवृत्त झाल्यापासून घरातला चहा आणि स्वयंपाक त्यांच्याकडे आहे.

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची कुंभारटेक वसाहत आहे. शकुताईंचं घर माझ्या घराच्या वरच्या ओळीत. बाई बुटक्या, आवाज खणखणीत, आणि समोरच्या माणसाकडे पापणी न लववता बघत राहायची सवय. या सवयीमुळेच त्यांच्यावर ती कामगिरी आली.

त्याआधी आमची अडचण सांगायला हवी. कुंभारटेक पहिल्यापासून विरोधी पक्षाला मत देते. हट्ट म्हणा, सवय म्हणा. पण आम्ही निवडून दिलेला माणूस विरोधात टिकत नाही. पहिला निकालानंतर एकोणिसाव्या दिवशी पलीकडे गेला. कारण विचारलं तर म्हणाला, विकास करायचा तर सत्तेत असावं लागतं. दुसऱ्याला कसलीशी नोटीस आली आणि त्याचा आवाज बसला. खरोखरच बसला. भाषणाला उभा राहिला की घशाला हात लावून परत खाली बसायचा. तिसऱ्या बाई विरोधी पक्षात राहूनच सगळ्या ठरावांच्या बाजूने हात वर करायच्या, आणि त्याला रचनात्मक विरोध म्हणायच्या. रचनात्मक म्हणजे काय हे कळेपर्यंत त्यांची पाच वर्षं संपली.

यंदा आम्ही सर्वेश मेस्त्रीला निवडून दिलं. वय अडतीस, आवाज मोठा, आणि अजून कसलीच नोटीस आलेली नाही, हा त्याचा मोठा गुण. निवडून येऊन तो जेमतेम रुळला तोच दवाखान्याचा ठराव आला. पायऱ्यांच्या तळाशी आमचा पालिकेचा दवाखाना आहे. तो वर टेकडीपलीकडे हलवायचा आणि त्या जागेवर बहुमजली वाहनतळ बांधायचा, असा तो ठराव. वसाहतीत चारचाकी गाड्या सहा, त्यातली एक बंद.

प्रभाग समितीत नऊ नगरसेवक. ठरावाच्या बाजूने चार, विरोधात पाच, आणि पाचातला एक आमचा सर्वेश. मतदानाला तीन आठवडे होते. वसाहतीची बैठक बसली. नंदू, ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो उठून म्हणाला, "सोनाराच्या दुकानाला वॉचमन असतो. आपण पाच वर्षांसाठी एवढा माणूस दिलाय, त्याला वॉचमन नको?"

कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांना एकदम पटलं. कोण करणार, एवढाच प्रश्न होता. मग कोणीतरी म्हणालं, शकुताई.

"मी काय करायचं तिथे?" शकुताईंनी विचारलं.

"बसायचं," नंदू म्हणाला. "कोण येतं, कोण जातं, काय देतं, बघायचं. दबाव येताना दिसला की अडवायचा."

"दबाव दिसायला कसा असतो रे?"

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं की दबाव बहुधा पांढऱ्या शर्टात आणि मिठाईचा बॉक्स घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शकुताई स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन सर्वेशच्या दारात हजर झाल्या. आम्हाला वाटलं होतं तो चिडेल. तो खूश झाला. त्याने त्याच दुपारी बॅनर लावला: 'जनतेचा पहारा, सर्वेशचा सहारा'. वर त्याचा फोटो, खाली कोपऱ्यात शकुताईंचा.

शकुताईंनी काम प्रसूतिगृहासारखंच सुरू केलं. आलेल्या माणसाचं नाव, काम, किती वेळ थांबणार, सगळं विचारायचं. फोन आला तर स्पीकरवर. सर्वेश खाली दाढी करायला गेला तरी त्या सलूनच्या बाकावर बसायच्या. एक वाजता भाऊराव डबा घेऊन यायचे. सर्वेशची आई, रुक्मिणीबाई, मालवणकडच्या. त्यांना दिवसभराची सोबत मिळाली. "चाय घेतलंस काय गो?" असं दर तासाला विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता चहा आणायच्या.

चौथ्या दिवशी दबाव आला. पांढरा शर्ट, हातात काजूकतलीचा बॉक्स. नंदूचा अंदाज बरोबर निघाला म्हणून शकुताईंना त्याचं कौतुक वाटलं. त्यांनी बॉक्स दारातच उघडायला लावला आणि बाहेर कामांसाठी थांबलेल्या अकरा जणांना तिथेच वाटून टाकला. उरलेले दोन तुकडे पांढऱ्या शर्टालाच खायला दिले.

"साहेबांशी दोन मिनिटं..." तो म्हणाला.

"बोला की. आम्ही सगळे ऐकतो."

तो खाऊन निघून गेला. त्यानंतर कोणीच आलं नाही. एक दिवस गेला, तीन गेले, आठवडा गेला. नळाची तक्रार, दाखल्यावर सही, लग्नाची पत्रिका, एवढंच. वसाहतीत आनंद होता. पहारा लागू पडला होता.

सर्वेशचा चेहरा मात्र उतरत चालला. एका दुपारी तो शकुताईंसमोर येऊन बसला.

"शकुताई, मला कोणी फोन का करत नाही?"

"बरंय की मग."

"बरं काय? पलीकडच्या प्रभागातल्या माणसाला तीनदा बोलावणं आलं. त्याला तर धमकीपण आली म्हणे. माझं मत निर्णायक आहे, आणि मला साधं कोणी विचारत नाही. काय समजतात हे लोक मला?"

अठ्ठावीस वर्षांत शकुताईंनी रडणाऱ्या खूप जणांची समजूत घातली होती, पण धमकी न आल्याबद्दल रडणारा माणूस पहिलाच. "येईल," त्या म्हणाल्या. "अजून आठ दिवस आहेत."

आणि दबाव आला. पण आम्ही सांगितलं होतं तसा नाही. शर्ट चॉकलेटी, हात रिकामे, गळ्यात ओळखपत्र, खिशात मोजायची टेप. म्हणाला, "बाल्कनी बघायची आहे." ओळखपत्र एवढं जुनं की त्यावर कुठल्या खात्याचं नाव आहे ते शकुताईंना वाचता आलं नाही. दबाव तर दिसत नव्हता. त्यांनी सोडलं.

त्या माणसाने बाल्कनी मोजली. सर्वेशने ती कधीच बंद करून आत खोली केली होती, तिथे रुक्मिणीबाई झोपायच्या. माणसाने लांबी मोजली, रुंदी मोजली, ग्रिल किती बाहेर आलंय ते मोजलं. "चार फूट दोन इंच," असं एकदाच मोठ्याने म्हणाला. रुक्मिणीबाईंनी दिलेला चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेला. ठरावाचं नाव नाही, कुणाचं नाव नाही. साखर बरोबर झाली होती एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळपासून सर्वेशचं पोट बिघडलं.

"माझ्या झिलाक ल्हानपणापासून पोटाचो त्रास," रुक्मिणीबाई म्हणाल्या. शकुताईंनी त्याला जिऱ्याचं पाणी दिलं. रात्री घरी येऊन त्यांनी भाऊरावांना सगळं सांगितलं. भाऊराव म्हणाले, "टेपवाला लक्षात ठेव." पण लक्षात ठेवून करायचं काय, हे दोघांनाही कळेना.

सभेच्या दिवशी शकुताई त्याच्याबरोबर रिक्षाने गेल्या. सभागृहात बाहेरच्यांना बसायला मागे दोन बाक होते. नंदू आणि मीही होतो. ठराव पुकारला गेला आणि सर्वेश उठला. सहा मिनिटं बोलला. असं बोलला की समोरच्या बाजूच्या एकाने नकळत टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहिलं. गरोदर बायकांनी टेकडी कशी चढायची, म्हाताऱ्यांनी इन्सुलिन कुठून आणायचं, सगळं बोलला. नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाषण संपलं, तो खाली बसला, पोटावर हात ठेवला आणि उठून बाहेर गेला. शकुताई मागोमाग. तो पुरुषांच्या शौचालयात शिरला. शकुताई दाराशी थांबल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ज्या दारातून त्यांना आत जाता येणार नव्हतं, असं ते दार.

पाच मिनिटं झाली. शिपाई धावत आला. "मॅडम, मतदान घेतायत."

शकुताईंनी दार वाजवलं. "सर्वेशभाऊ, आहात ना?"

"आहे."

"चला. हात वर करायचाय फक्त."

"पोटात कळ येतेय, ताई."

"हात वर करायला पोट लागत नाही."

शकुताई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "हे बघ सर्वेश. मी हजारो बायका बघितल्यात. प्रत्येक बाई म्हणते, आता नाही जमत, मी घरी जाते. एकही घरी गेली नाही. बाहेर ये."

"दोन मिनिटं."

तेवढ्यात आत मतदान झालं. चार विरुद्ध चार. अध्यक्षांनी आपलं जादाचं मत ठरावाच्या बाजूने टाकलं. टेबलावर हात आपटण्याचा आवाज बाहेर आला, आणि त्या आवाजाबरोबर कडी निघाली. सर्वेश बाहेर आला. हात धुतलेले, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

"मी विरोधातच आहे, ताई," तो म्हणाला. "तुम्ही भाषण ऐकलंत ना?"

ते भाषण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. खाली लोक लिहीत होते: वाघ.

रात्री वसाहतीची बैठक झाली. शौचालयात असणं हे ठरावाच्या बाजूने धरायचं की विरोधात, यावर पाऊण तास गेला. एक जण म्हणाला, तटस्थ. दुसरा म्हणाला, रचनात्मक. मग पुढच्या वेळी राखणीला पुरुष ठेवावा, अशी सूचना आली. कोणीतरी हळूच विचारलं, शकुताईंनाच कोणी काही दिलं नसेल ना?

शकुताई उठल्या. "मला कोणी काही दिलं नाही," त्या म्हणाल्या. "वाईट त्याचं नाही वाटत. त्यालाही कोणी काही दिलं नाही. चोरीला गेला असता, विकला गेला असता, तर मी पकडला असता. तो फुकट गेला."

बैठक तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची आणायला गेल्या. सर्वेश घरीच होता. त्याने नजर चुकवली, मग स्वतःहूनच बोलला. "आई झोपते तिथे, शकुताई. ते तोडायला आले असते तर तिला कुठे ठेवू?"

"आमची तर अख्खी घरं वाढवलेली आहेत," शकुताई म्हणाल्या. "आमच्याकडे टेप घेऊन कोणी आलं तर आम्ही काय करतो माहितीये? तुझ्याकडे येतो. तू कोणाकडे जायचं ते तू आधी ठरवायला हवं होतंस."

रुक्मिणीबाई मध्ये उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग शकुताईंची खुर्ची स्वतः उचलून खालपर्यंत आणून दिली. चहा त्या दिवशी कोणी विचारला नाही.

शकुताई तीच खुर्ची घेऊन थेट दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर ऋतिका नुकत्याच रुजू झाल्या होत्या. सामान कधी हलवायचं, शकुताईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ओपीडीच्या वेळेत रांग रिकामी दिसली की सामान टेम्पोत भरायचं, असा आदेश आहे. केसपेपर काढलेला पेशंट रांगेत असेपर्यंत टाळं लावता येत नाही.

"म्हणजे रांग संपली नाही तर?"

डॉक्टरांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप गळ्यात घातला. "रांग संपली नाही तर मला काय, पेशंट तपासावेच लागतील."

दुसऱ्या दिवसापासून कुंभारटेक आजारी पडली. पाळ्या लावून पडली. नंदूने तक्ता छापला: सोमवारी वरची ओळ, खोकला, मंगळवारी मधली ओळ, गुडघे, बुधवारी चक्कर. भाऊराव डोक्याला रुमाल बांधून तासभर आधी जाऊन नंबर लावायचे. सगळ्यांचा खोकला एकसारखा येऊ नये म्हणून शकुताईंनी पायऱ्यांवर तालीम घेतली. डॉक्टर ऋतिका प्रत्येकाला गंभीर चेहऱ्याने तपासायच्या, गरम पाणी प्या असं लिहून द्यायच्या. टेम्पो दोनदा आला, आणि रांग बघून परत गेला. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरनेच केसपेपर काढला. त्याची पाठ खरंच दुखत होती.

सर्वेश एकदा आला. भाषण करू का, असं विचारत होता. शकुताईंनी सांगितलं, शुक्रवारी अंगदुखीवाले कमी आहेत, रांगेत उभा राहा. तो उभा राहिला. ओपीडीची वेळ संपेपर्यंत म्हणजे दुपारपर्यंत जायचं नाही, असं त्याला बजावलं होतं, आणि तो गेला नाही. चार फूट दोन इंचांबद्दल त्याला अजून काहीच कळलेलं नाही. टेपवाला परत आला नाही, नोटीसही आली नाही.

तिमाही अहवालात आमचा दवाखाना प्रभागातला सगळ्यात जास्त गर्दीचा निघाला. एवढे रुग्ण असताना तो हलवणं योग्य नाही, असा शेरा वरून आला आणि स्थलांतर पुढे ढकललं गेलं. रद्द नाही, पुढे ढकललं. म्हणून पाळ्या चालूच आहेत.

मागच्या सोमवारी शकुताई खोकायला गेल्या. डॉक्टर ऋतिकांनी नेहमीप्रमाणे हाताला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडून परत बांधला.

"शकुताई, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "प्रेशर वाढलंय. गोळी सुरू करावी लागेल. रोज."

"किती दिवस?"

"कायमची."

शकुताईंनी केसपेपर उचलला. "म्हणजे मी आता रोज आले तरी खोटं नाही," त्या म्हणाल्या, आणि औषधाच्या खिडकीकडे जाऊन रांगेत उभ्या राहिल्या.