हिंगोली ते गोरेगाव: चाक मागचं घसरलं, दोष पुढच्या बाईचा

हिंगोलीहून सेनगावमार्गे गोरेगावला स्वतःची गाडी नेता येईल का, असं मला अजूनही कुणीकुणी विचारतं. खुशाल न्या. मी पहिल्यांदा नेली तेव्हा सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि त्या रस्त्यावर डांबर थोडं, मुरूम भरपूर. तरी सगळ्यात मोठा अडथळा रस्त्याचा नव्हता. माझ्या सासरच्या पुरुषांचा होता.

गोरेगावच्या हायस्कुलात मला इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. नवरा परभणीला नोकरीत, शनिवारी घरी येणार. जीपला लटकून सुनेनं जायचं नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं. मग घरची गाडी घेऊन जाते, म्हटलं. पण आठवड्यापूर्वीच औंढ्याच्या वाटेवर गाडीचं मागचं अंग अचानक बाजूला सरकलं होतं आणि मी थेट बाभळीत शिरले होते. गाडी कुणी तपासली नाही. मलाच तपासलं.

"धाकटा सोबत येईल," मामंजी म्हणाले. "गाडी सरळ गेली आन् सरळ आली, तर नोकरी करा. घसरली, तर किल्ली माझ्यापाशी."

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी मला भरतकाम शिकवलं. गाडी वडिलांनी शिकवली, तीही बॉनेट उघडून. त्यामुळे परीक्षा देण्याचं मला भय नव्हतं. राग होता तो परीक्षक म्हणून धाकट्या दिराला बसवल्याचा.

सकाळी उन्हं अंगावर घेत निघालो. पेट्रोल हिंगोलीतच भरून घेतलं. पुढे मिळण्याची खात्री नव्हती आणि त्या हिवाळ्यात ते इतकं महागलं होतं की आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गाडीचा हॉर्न ऐकला तरी उसासा टाकत. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. मधूनच हळदीचे वाफे, पानं पिवळी पडू लागलेली. बघण्यासारखं होतं, पण मला बघू कोण देतंय? बैलगाड्यांनी रस्त्याला पत्र्यासारख्या वळ्या पाडल्या होत्या. त्यांवरून गाडीचं मागचं टोक टणाटण उडत होतं, आणि एका वळणावर ते माझ्या हातातून निसटून नाल्याकडे निघालं. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग घसरणीच्या बाजूला वळवलं, गाडी सावरली.

"घसरली!" भावजी जवळजवळ आनंदाने ओरडले. "वहिनी, सरका तिकडं. बाईमाणसाच्या हाताला जोर नसतो."

मी सरकले. पुढच्याच चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूळ उडाली आणि गाडी अशी आडवी झाली की समोरच्या गाडीवानाला बैल शेतात घालावे लागले.

"आता?" मी विचारलं.

"रस्ताच बेकार हाय," भावजी म्हणाले.

बघा! मी चालवते तेव्हा हात बेकार, ते चालवतात तेव्हा रस्ता.

गोरेगावला बाजाराचा दिवस होता. शाळेत हेडमास्तरांना भेटून, सोमवारपासून येते, असं बेधडक सांगून टाकलं. मग पारावर बसून घरची भाकरी-ठेचा आणि बाजारातली गरम भजी खाल्ली. तिथली भजी चुकवू नका. भावजी चहाला गेले, तशी मी गाडीच्या मागे गेले. ओझं नव्हतं हे खरं, तरी शेपटीकडून गाडी भलतीच उचललेली. डिकीवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. तसूभर दबली नाही. वाकून पाहिलं, तर मागचं चाक तोलणाऱ्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांमध्ये एक पाटा वेगळाच, जाडजूड, टोक ऐरणीवर ठोकून बसवलेलं. दुसऱ्या बाजूलाही तसाच. आणि शॉकॲब्सॉर्बर? नव्हतेच! टायरही दगडासारखे फुगवलेले.

भावजी आले. मी बोट दाखवलं.

"त्यो जीपचा पाटा हाय," ते म्हणाले. "लोहाराकडून टाकून घेतला. हळदीची पोती मोंढ्यावर इकायला न्यायची म्हंजी गाडी बसत व्हती ना खाली."

"आणि शॉकॲब्सॉर्बर?"

"तेल गळून राहिलं होतं. काढून ठेवले. बैलगाडीला कुठं असतात?"

मला काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहीत नाही. पोती भरली की ती गाडी ठीक चालणार. रिकामी असली की तो पोलादी ताठा प्रत्येक वळीवर चाकाला हवेत उडवणार, आणि हवेतलं चाक रस्ता धरणार कसं? हे त्यांना सांगितलं. ते हसले.

"पाट्यानं कुठं गाडी घसरत असती व्हय?"

समोर गोणपाटावर चार बाया सेनगावची जीप कधी येते म्हणून बसून होत्या. मी त्यांना हाक मारली.

"मावशी, सेनगावला येता का?"

"पैशे?"

"नकोत. तुमचं वजन हवंय."

"लई हाय ते!" त्यातली थोराड गयाबाई म्हणाली आणि टोपली घेऊन उठली. "पर चालवनार कोन?"

"मी."

"आगं बया! चला गं, बाई गाडी चालवून राहिली."

"कोणाच्या कोण बाया आपल्या गाडीत," भावजी पुटपुटले.

"पोत्यांना तुम्ही जात-गाव विचारलं होतं का?" मी म्हटलं. ते पुढे बसले, दाराला चिकटून.

मी टायरमधली थोडी हवा सोडली. चौघी मागे, टोपल्या आणि गयाबाईचं ज्वारीचं पोतं डिकीत. गाडी बसली. त्याच वळ्या, तोच चढ, तेच वळण. चाकांनी रस्ता असा धरला की गयाबाई मागून म्हणाली, "भाऊ, तुमी काहून दार धरून राहिले? पडत न्हाई न्हवं!" बाकीच्या खिदळल्या. सेनगावात तिघी उतरल्या. गयाबाईला पुढे हिंगोलीपर्यंत यायचं होतं. मी तिला आणि पोत्याला चाकांच्या वर, मागे बसवलं.

घरी मामंजी ओसरीवरच होते.

"घसरली का रे?"

"जाताना घसरली," भावजी म्हणाले. "येताना न्हाई."

"मंग येताना तू चालवली असशील."

भावजी पायताण काढण्यात गुंतले. मी म्हणाले, "मामंजी, येताना मी चालवली. जाताना आधी मी घसरवली, मग यांनी. दोष त्या जीपच्या पाट्याचा आहे. तो काढा, शॉकॲब्सॉर्बर बसवा."

मामंजींनी गाडीच्या वर उठलेल्या शेपटीकडे पाहिलं. किल्ली त्यांनी मागितली नाही. सोमवारी मी गोरेगावला गेले आणि त्यानंतर बरीच वर्षं जात राहिले. पाटे लगेच निघाले नाहीत, कारण हळद निघायची होती. तोवर मी रोज रस्त्यावरच्या बाया गाडीत भरून नेल्या आणि आणल्या. हळद मोंढ्यावर पोचल्यावर एके दिवशी गुपचूप पाटे निघाले, शॉकॲब्सॉर्बर आले, गाडी रिकामीही सरळ चालू लागली.

त्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर भावजी कौतुकाने म्हणाले, "आमच्या वहिनींचा हात आता बसला बरं का!"

पाटा काढला, असं त्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही.