ब्रांटना काय म्हणायचं?

“इथले फुरोशा मधेच काम टाकून पळून जात नाहीत का?” ओदागिरी-सानांनी जपानीत विचारलं आणि माझी पंचाईत झाली.

आम्ही न्युरेम्बर्गच्या एका सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये उभे होतो. ओदागिरी-सान जपानी कंपनीचे शाचो, म्हणजे प्रमुख. त्यांच्या इथल्या कारखान्यातला एक हॉल रिकामा पडून होता. समोर ब्रांट, वर्कशॉपचे माइस्टर, म्हणजे परीक्षा पास होऊन इतरांना शिकवणारे कारागीर. त्यांनी स्वतः काही वर्षं रस्त्यावर काढली होती. त्यांच्याकडे शिकणारेही सगळे तसेच. वर्कशॉपची जागा हातची जाणार होती. तो हॉल मिळाला नाही तर ही माणसं पुन्हा पुलाखाली. आणि मधे मी, पुण्यात जपानी शिकलेली इंटरप्रिटर. एरवी माझा संबंध गिअरबॉक्स आणि वेल्डिंगशी.

आमच्या धंद्याचा नियम सोपा आहे. बोलणाऱ्याचं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. पण ‘फुरोशा’ म्हणजे भणंग. तसाच जर्मनमध्ये नेला तर शिवी होणार, गोड करून नेला तर मी खोटी पडणार.

चारचौघांत जपानी साहेबाची चूक काढायची नसते. मी त्यांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “शाचो, हा शब्द जर्मनमध्ये अपमानाचा होईल. तसाच सांगू?”

ते गोरेमोरे झाले. “नको, नको! आमच्या लहानपणी सगळे हाच म्हणायचे. मग काय म्हणू?”

“होमुरेसु जोताइ नि आरु काता.” घर नसण्याच्या स्थितीत असलेली व्यक्ती. यातलं ‘काता’ आदराचं. आपण ‘तो’ऐवजी ‘ते’ म्हणतो तसं.

त्यांनी प्रश्न नव्याने विचारला, मी तो जर्मनमध्ये सांगितला. पण ब्रांट चिडले होते.

“हाल्ट! थांबा! प्रश्न एवढासा आणि कुजबुज केवढी! माझ्याबद्दल काय शिजतंय?”

सोबत आलेल्या, आमच्या इंटरप्रिटर एजन्सीच्या फ्राउ झायडेल, म्हणजे माझ्या बॉस, डोळे वटारून माझ्याकडे बघत होत्या. हॉल गेलाच, असं मला वाटलं. मी शाचोंना विचारलं. “सगळं सांगा,” ते म्हणाले. मग मी जुना शब्द सांगितला, तो मागे घेतल्याचं सांगितलं आणि नव्याचा अर्थही सांगितला.

ब्रांटनी पाना खाली ठेवला. “स्थितीत? गेनाऊ, अगदी बरोबर! मी त्या स्थितीत होतो, आता नाही. आणि हो, पळून जातात काही जण. मीही गेलो होतो. माझ्या माइस्टरनं परत घेतलं. स्थिती बदलायला वेळ लागतो, आणि तोवर टिकणारी जागा लागते.”

हे मी शब्दन् शब्द जपानीत सांगितलं. ओदागिरी-सान कमरेत वाकले. दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, “ब्रांट-सेन्सेइ, हॉल बघायला कधी येता?”

सेन्सेइ म्हणजे गुरुजी. हे जर्मनमध्ये सांगताना मला कोण आनंद झाला!

गाडीत फ्राउ झायडेल म्हणाल्या, “आल्झो, हे बघ, क्लायंटला शब्द सुचवणं आपलं काम नाही.”

“हो,” मी म्हणाले. “पण हॉल बघायला तर बोलावलं.”

त्यांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाल्या, “तो लांबलचक शब्द मला मेल कर. सगळ्यांना पाठवते.”

हॉल बघायच्या दिवशी मी ब्रांटना आधीच गाठलं. “तुमची ओळख करून देताना काय म्हणू?”

“माइस्टर. दुसरं काय?”

गिअरबॉक्सला काय म्हणायचं ते मला पाठ करावं लागतं. माणसाला विचारता येतं.