मागल्या दारचे मामा

पालघरला एका सरकारी अधिकारी बाईंच्या घरी बसून, त्यांनीच आणून दिलेला पाण्याचा पेला हातात घेत, मी त्यांना विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "येतो. तुम्हाला?" चूक माझीच, पण तिचं निम्मं श्रेय आमच्या हिच्या मामांना द्यायला हवं. त्या दिवशी सकाळी बोईसरला आमच्या खोलीवर येऊन त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "जावईबापू, इस्त्रीची कापडं घाला. पालघरला जायचं हाय." आणि मामा कुणाला इस्त्रीचे कपडे घालायला लावून निघाले की ते स्थळ बघायलाच, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. दांडीपासून उमरोळीपर्यंत जेवढे संसार सुखाने चालले आहेत ते सगळे मामांनी जुळवलेले, आणि ज्या घरांतून भांडी आपटल्याचे आवाज येतात त्यांनी मामांचं ऐकलं नव्हतं. हे मत खुद्द मामांचं, पण ते खोडून काढायची माझी छाती नाही. माझं स्वतःचं लग्नही त्यांनीच जुळवलंय. माझ्यात त्यांना काय दिसलं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा समज असा की त्या दिवशी मी घातलेला टेरिकॉटचा शर्ट.

मामा उमरोळीचे. भात आणि वाल पिकवणं हा त्यांचा धंदा, आणि स्थळं बघणं हा धर्म. त्या धर्माचं सूत्र एकच: घर मागल्या दाराने बघायचं. "पुढलं दार काय, पाव्हणं येनार म्हटल्यावर कोनपन सारवतो. मानूस मागल्या दारी कळतो," असं म्हणून ते कुठल्याही घरात चहा यायच्या आत हात धुवायचं निमित्त काढून मागे जायचे, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर निकाल लागलेला असायचा. बोईसरला एका सुपरवायझर मुलाच्या घरी सोफा होता, टीव्ही होता, टीव्हीवर विणलेला रुमाल होता. मामा मागे जाऊन आले, उभ्याउभ्या चहा प्यायले आणि निघाले. रस्त्यात म्हणाले, "मोरीत पानी तुंबलंय, आन् म्हातारी आई त्यातच बसून भांडी घासते. सोफा कोनासाठी घेतलाय?" ते स्थळ तिथेच संपलं.

अशा माणसावर प्रसंग आला तो कुंदामुळे, त्यांच्या एकुलत्या एक मुलीमुळे. बारावीला तिची सरकारी डॉक्टरकी अगदी थोडक्यात हुकली. मामी हटून बसल्या, "शेत विका, डोनेशन भरा, पन पोरीला डाक्टर करा." मामा म्हणाले, "जन्मात हुंड्याचं लगीन जमवलं नाय मी. आता पोरीचं शिक्षान हुंडा देऊन जमवू?" कुणी कारखान्याची प्रयोगशाळा सुचवली, पैसा लवकर हातात येतो म्हणून. मामा जाऊन त्या कारखान्याच्या मागचा नाला बघून आले आणि तो विषय मिटला. मग कुंदानेच कुठूनतरी माहिती काढली, की आधी बी.एस्सी. करायचं आणि पुढे मुंबईला सरकारी संस्थेत सार्वजनिक आरोग्य शिकायचं. पाणी, साथी, सांडपाणी, लसी असलं सगळं त्यात असतं. हे ऐकून भाऊबंदांना हसू आवरेना. मामांचा चुलतभाऊ तर भर ओटीवर म्हणाला, "दुनियेच्या पोरी उजवल्यास, आन् आपली पोर गटारं हुंगायला धाडतोस? कोन करील तिला सून?" पण स्थळ कुठलंही असो, बघितल्याशिवाय नाकारायचं नाही, हा मामांचा नियम होता. म्हणून हेच शिकून आरोग्य खात्यात लागलेल्या या बाईंना गाठायला ते निघाले, आणि मी इस्त्रीचे कपडे घालून बरोबर.

माझा प्रश्न बाईंनी पोटात घातला. मामांनी मात्र वरपक्षाची करावी तशी पदवीची चौकशी सुरू केली. हिचा खर्च किती? हिच्यावर घर चालतं काय? बाईमानसाला मान हाय काय? बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे लग्नाच्या मांडवाला जेवढे जातात, त्याहून फी कमी. पगार डॉक्टरएवढा नाही. पण डोक्यावर कर्ज नसतं, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून तो आपला असतो. पुढे बढती आहे, पेन्शन आहे. मान मात्र कमवावा लागतो. लोक आधी हसतात." मामांनी मान हलवली, आणि हात धुवायला मागे गेले. परत आले ते हसतच. माझ्या कानाशी म्हणाले, "मोरी कोरडी हाय."

मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोवर बाई म्हणाल्या, "तुमचं बघून झालं ना? आता मी मुलगी बघणार. रविवारी येते."

रविवारी उमरोळीला पोहे झाले. मामींनी सवयीने कुंदाला साडी नेसवली. हसायला मिळेल म्हणून झाडून सगळे भाऊबंद आले. बाईंनी नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मागच्या दारी चल, मुली." मामांनी मिशीवरून हात फिरवला; परसदार त्यांनी पहाटेपासून झाडून आरशासारखं केलं होतं. बाईंनी तिथे उभं राहून विचारलं, "इथे काय चुकलंय?"

कुंदाने बापाकडे पाहिलं. मग साडीचा पदर खोचून म्हणाली, "धुण्याचा दगड. त्याचं पाणी उतारानं सगळ्या वाडीच्या विहिरीकडंच जातं. पावसाळ्यात वाडीत घरोघरी पोटं बिघडतात, ती ह्यानं. आईला दर साली सांगते. बाबांना सांगायचा धीर नाय झाला."

कुणी हसेना. चुलतभाऊ तेवढा म्हणाला, "आता बोल!" तालुक्यातल्या निम्म्या घरांना मोरीवरून नापास करणारा माणूस आपल्याच परसात उभा होता, आणि मला कुठे बघावं कळेना. मामांनी लोटा उचलला, दगडावर ओतला, आणि ती पाण्याची रेघ सरळ विहिरीच्या काठाशी जाईपर्यंत वाकून बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "फारम कुठं भरायचा?" आणि भाऊबंदांकडे वळून, "हसा ना! सगळ्यांची मागली दारं बघत म्हातारा झालो, माझंच ऱ्हायलं. पोरीनं बघितलं. ही नजर माझी हाय, गटारातली नाय!"

तो दगड त्याच दुपारी हलवला. एका बाजूने मामांनी उचलला, दुसऱ्या बाजूने मी. माझी कंबर अजून त्याची आठवण काढते.

कुंदा पुढे खात्यात लागली, बढती घेत गेली. किनाऱ्यावरच्या गावांत साथ आली की तिची जीप पुढे. तिने लग्नही स्वतःच जमवलं. मुलाच्या घरी पहिल्यांदा गेली ती मागल्या दाराने, असं ऐकतो. तिची जीप उमरोळीला आली की मामा चुलतभावाला हाक मारून बोलवायचे आणि म्हणायचे, "मला तालुका पुरला. हिला जिल्हा लागतो."

गेल्या महिन्यात मामा आमच्या बोईसरच्या नव्या फ्लॅटवर आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा यायच्या आत हात धुवायला म्हणून उठले, भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या टोकापर्यंत गेले आणि थांबले. "जावईबापू, मागलं दार?" मी म्हणालो, "फ्लॅटला नसतं, मामा." ते खिडकीशी तसेच उभे राहिले. "मंग आता मानसं कळायची कशी?" असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून परत फिरले.

त्यांना रिक्षात बसवून आलो, आणि इतकी वर्षं मनात असलेलं हिला विचारलं, "मला कशावरून पसंत केलं गं त्यांनी? शर्टावरून ना?"

ही कपबशा विसळत होती. म्हणाली, "शर्ट? घरी येऊन मामा म्हणाले होते, पोरगा पुढून काय खास नाय. पन मागल्या दारी शेजारच्या म्हातारीची कळशी भरून देत व्हता. पोर द्या."