पाव्हण्यांचं नेट आणि आभाळाचं नेट

आमच्या गावात इंटरनेट घ्यायचं म्हणजे आधी नातं बघावं लागतं. शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अशा खोबणीत आमची वस्ती आहे की मोबाईलचा टॉवर दिसतो, पण फोनला रेंज काही येत नाही. तारेचं नेट देणारे दोघे. एक माझा चुलतभाऊ, दुसरा बायकोचा मावसभाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. दोघांच्या काळ्या तारा एकाच खांबावरून एकमेकींना पीळ घालत येतात. चुलतभावाचं कनेक्शन घ्यावं तर बायको ताट आपटून वाढते. मेव्हण्याचं घ्यावं तर भाऊबंद लग्नपत्रिकेत माझं नाव खालच्या ओळीत ढकलतात. मी शहाणा माणूस, म्हणून मी दोघांचंही घेतलं. त्यामुळे दोघेही नाराज झाले. एकाचं बंद पडलं की तो म्हणायचा, "दुसरं हाय की तुमच्याकडं! ते वापरा."

एरवी माझं काही अडलं नसतं. मला नेट लागतं ते सकाळी लोकांना फुलांचे फोटो पाठवायला. पण मुलगी बाळंतपणासाठी घरी यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, याबद्दल आमच्याकडे कुणी चर्चासुद्धा करत नाही. तिच्या सासूबाई पुण्याच्या, शांत बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं काम घरून चालतं, पण त्याला नेट नीट लागतं. तुमच्याकडे आहे ना?"

"दोन-दोन आहेत," मी छाती काढून म्हणालो.

सातव्या महिन्यात ती आली, आणि दोन-दोन असूनही तिच्या मीटिंगा मधेच तुटायला लागल्या. एकदा तुटली, पुन्हा तुटली, आणि तिच्या साहेबांनी शेवटचं सांगितलं. आता तुटलं तर रजा लागेपर्यंत पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. एकदा पुण्याला गेली की त्या अवस्थेत आमच्या रस्त्यावरून तिला परत कोण आणणार? बाळंतपण तिकडंच होणार. बायको त्या दिवशी जेवली नाही. तिनं बाळंतिणीसाठी खारकांची पूड कुटायला घेतली होती. ती तशीच खलबत्त्यात राहिली.

तेव्हा जावयांनी आभाळाचं नेट पाठवलं. उपग्रहावरून येतं ते. खोक्यातून एक पांढरी चौकोनी पाटी निघाली. बायकोनं तिला पहिल्या दिवसापासून 'पाट' म्हणायला सुरुवात केली. दाराशी फणस, मागं डोंगर. उघडं आभाळ फक्त गोठ्याच्या पत्र्यावर होतं, म्हणून पाट तिथं बसवला. खाली म्हैस, वर उपग्रह. आणि खरंच सांगतो, नेट असं धावायला लागलं की मुलगी पहिल्यांदाच हसून म्हणाली, "पप्पा, पुण्यापेक्षा भारी आहे!"

इथं गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी पारावर गेलो. "आता तारा कपडे वाळत घालायला ठेवा," मी म्हणालो. "आभाळात आपलं कुणी पाव्हणं नाही. रुसणार कोण?" लोक हसले. मला वाटलं, काय बोललो! पण हसणारे नुसते हसून थांबले नाहीत. निम्म्या आळीनं तारेचं नेट बंद केलं आणि त्या पाटासाठी नंबर लावला. आठवड्याभरात चुलतभाऊ येऊन आपला नेटचा डबा काढून तार गुंडाळून घेऊन गेला. मग मेव्हणा आला. त्यानं डबा उचलला, चहाही घेतला नाही. त्याची तार मात्र खांबावर तशीच लोंबत राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी अकरा वाजता मुलीला परदेशातल्या लोकांसमोर काम मांडायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, गेलेली वीज परत आली ती एकदम जोरात आली. माजघरातला बल्ब फुटला, पंख्यातून वास आला आणि पाटाच्या डब्याचा दिवा कायमचा विझला.

जेमतेम रेंज येणाऱ्या रस्त्यावरच्या वळणापर्यंत जाऊन मुलीनं त्या नेटच्या कंपनीला कळवलं. तिकडून लगेच गोड उत्तर आलं की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, नवा डबा पाठवतो, आठवडा लागेल. आठवडा! चुलतभावाला मी तोंडावर शिव्या देऊ शकत होतो, मेव्हण्याला बहिणीची शपथ घालू शकत होतो. या कंपनीचं कुणाचं दार ठोठावायचं? मी गोठ्याच्या पत्र्याकडे बघत उभा राहिलो. म्हैसही माझ्याकडे बघत होती.

मग चुलतभावाकडे गेलो. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"या दादा. काय म्हणतंय आभाळ?"

"बंद पडलंय रं. उद्याच्या दिवस तार जोडून दे."

"तारा कपडं वाळत घालायला म्हणालासा नव्हं? घाला की. घरात बाळुती येणारच हायती." मग त्याचा आवाज उतरला. "दादा, तुमच्या त्या बोलण्यापायी मी कामावरचा माणूस काढलाय. लय दिसांचा होता माझ्याकडं. हसत हसत बोललासा, पर लोकांनी खरं धरलं."

मी तसाच मागं फिरलो. घरी येऊन बायकोला गाडीवर बसवून मेव्हण्याच्या गावी गेलो. तो अंगणात शिडी धूत होता.

"दाजी, आभाळात पाव्हणं न्हाईत म्हणून घेतलंत. मग आज पाव्हण्याच्या दारात कशापायी?"

मी काहीतरी फुटकळ बोललो. बायको कडेला उभी होती. ती हळूच म्हणाली, "आवं, पाया पडा त्याच्या. न्हाईतर मी पडते."

आमच्याकडे दाजी म्हणजे मानाचा माणूस. त्यानं ओवाळून घ्यायचं, पहिल्या पंगतीला बसायचं. मी वाकलो. खरंच वाकलो. मेव्हणा विंचू चावल्यासारखा मागं सरकला. "आवं दाजी, काय करतासा! उठा! येतो मी. अक्कासाठी येतो, तुमच्यासाठी न्हाई."

परतताना बायको गाडीवर मागं बसून रडत होती. मी रस्ता बघत होतो. एवढी वर्षं ज्या मानावर जगलो तो असा अंगणात ठेवून आलो होतो, आणि त्याचंसुद्धा मला काही वाटत नव्हतं. फक्त सोमवार निघावा.

सोमवारी सकाळी मेव्हणा शिडी घेऊन आला, आणि बघतो तर खांबाशी चुलतभाऊ आधीच उभा. त्यालाही राहवलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुला कुणी बोलावलं?" चुलतभाऊ म्हणाला.

"माझ्या भाचीचं घर हाय. तुला कुणी?"

"माझी पुतणी हाय ती."

"आरं भांडा नंतर!" मी ओरडलो. आतून मुलगी म्हणाली, "पप्पा, आवाज कमी."

चुलतभावानं गुंडाळून नेलेली तार परत ओढली, टोक डब्यात खोचलं. दिवा हिरवा झाला. मुलगी तोंड धुऊन, केस विंचरून लॅपटॉपपुढे बसली. बरोबर अकराला तिचं इंग्रजी सुरू झालं. आम्ही ओसरीवर कान लावून बसलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती न अडखळता बोलत होती आणि पलीकडून माणसं हं-हं करत होती. बायकोनं माझा हात धरला. लग्नानंतर चार लोकांत बहुतेक पहिल्यांदाच.

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, ह्येच्या तारेचा काय भरवसा? माझी पण आत घेऊन ठिवतो. एक गेली तर दुसरी."

मला ते पटलं. मला नेहमीच पटतं. "ठेव," मी म्हणालो.

तो वर चढला. त्याची जुनी तार सैल होऊन लोंबत होती, ती कापून नवी ओढायला त्यानं पक्कड लावली. वर दोन्ही तारा काळ्याच, दोन्ही आमच्याच घराकडे येणाऱ्या. पक्कड वाजली आणि आतलं इंग्रजी वाक्याच्या मधेच थांबलं.

मुलगी दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कुणी कापली?" चुलतभाऊ म्हणाला. मेव्हणा शिडीवरच कपाळाला हात लावून बसला. ती काचेची तार. सुतळीसारखी गाठ मारून जोडता येत नाही, त्याला मशीन लागतं, आणि मशीन चुलतभावाच्या दुकानात. तो पळाला. मी मुलीला गाडीवर मागं बसवून रेंज येणाऱ्या वळणाकडे निघालो. पोटाला धक्का लागू नये म्हणून हळू चालवायचं की मीटिंग गाठायला जोरात, हे न कळून मी दोन्ही केलं. वळणावर फोन लागला तेव्हा ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीनं उरलेलं काम मांडून टाकलं होतं.

"असू दे पप्पा," ती म्हणाली. साहेबांचा निरोप ती आमच्यासमोर वाचत होती तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. बुधवारपासून ऑफिस.

मंगळवारी जावई गाडी घेऊन आले. बायको मुलीबरोबर गेली, खारकांची पूड, डिंक, जुन्या लुगड्यांची बाळुती, सगळं घेऊन. माहेरच उचलून सासरी निघालं म्हणा. मी म्हशीसाठी मागं राहिलो. तोवर चुलतभाऊ आणि मेव्हणा दोघांनी मिळून, एकमेकांशी न बोलता, दोन्ही तारा जोडून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागं बायको परक्या ओट्याशी उभी राहून मुलीसाठी दूध तापवत होती. पातेलं कुठं ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. विहीणबाई प्रेमानं म्हणाल्या, "तुम्हीही या हो. पहिलं बाळंतपण इकडे झालं म्हणून काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं," मी म्हणालो.  मग "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही," असं म्हणत मी फोन बंद केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.